हात कुठे ठेवायचे

"काय रे मिंगो, आत्ता काय?" असं टायटस म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर ते त्याला ऐकू आलं. शनिवारची सकाळ होती. कर्नल बेलफील्डसाहेब खुर्चीत मान मागे टाकून पडले होते, त्यांचा उजवा गाल झाला होता, डाव्यावर फेस होता, आणि दारावरची घंटी वाजून कोणीतरी आत आलं होतं. टायटसने मान वर करून पाहिलं तर सासरा. हॅट काढून हातात धरलेली, अंगात नवा कोट, बाहीवर शिंप्याच्या खडूची रेघ अजून तशीच. चेहऱ्यावर थोडं हसू, म्हातारी माणसं लग्नाला निघताना हसतात तसं. ज्यांना त्याने उभ्या जन्मात डॅडी याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती, त्यांना टायटसच्या तोंडून 'काय रे' गेलं. त्यामागोमाग आणखी एक वाक्य गेलं. "मागच्या दाराने ये, गिऱ्हाईक आहे." मिंगोंनी खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीतल्या साहेबांकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. हसू एकदम गेलं नाही, हळूहळू आवरलं. त्यांनी हॅट डोक्यावर ठेवली, नीट बसली की नाही ते बोटांनी चाचपलं. "बरं, साहेब," ते म्हणाले आणि बाहेर गेले. घंटी पुन्हा वाजली.

"धाकात ठेवतोस, बरं आहे," डोळे मिटल्या मिटल्या कर्नलसाहेब म्हणाले. "हल्ली हे कोणाला जमत नाही. शहाणा आहेस तू, टायटस." टायटस हसला. हे हसणं त्याला वस्तरा परजण्याबरोबरच शिकवलेलं होतं. गिऱ्हाइकाचे डोळे मिटलेले असले तरी हसायचं, कारण हसऱ्या माणसाचा हात गालाला वेगळा लागतो, असं त्याचा उस्ताद म्हणायचा. डावा गाल झाला, हनुवटी झाली, गळा झाला. तुरटी फिरवून झाली. हात कुठेही चुकला नव्हता, आणि पुढे दोन दिवस त्याला राग येत राहिला तो त्या न चुकलेल्या हाताचा.

चार्ल्सटनमध्ये कोणालाही विचारलं असतं तरी टायटसचं काही चुकलं नाही असंच उत्तर आलं असतं. दुकान काळ्या न्हाव्याचं आणि खुर्ची गोऱ्यांची, ही रीत गुलामगिरी संपवणाऱ्या लढाईच्या आधीपासूनची, आणि लढाई संपून तीन वर्षं होत आली तरी ती कोणी मोडली नव्हती. गोऱ्या माणसाला काळ्याच्या हातातला वस्तरा गळ्यावर चालतो, रोज चालतो, तिथे त्याला झोपसुद्धा लागते. पण ज्या चामड्यावर आपण मान टेकली तिथे दुसऱ्या काळ्याने टेकली असं कळलं की त्याच्या अंगावर काटा येतो. हा विनोद आहे, हे टायटसला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आपल्या माणसांची दाढी तो रविवारी सकाळी करायचा, चर्चच्या आधी, घरामागच्या अंगणात, तांदळाच्या उपड्या पिपावर बसवून. त्यासाठी वस्तराही वेगळा. आपल्या लोकांचे केस राठ, त्याला जाड पात्याचा वस्तरा लागतो, असं तो सांगायचा, आणि सांगून सांगून त्याला ते खरं वाटायला लागलं होतं. त्या शनिवारी पट्ट्यावर पातं परजताना त्याने सहज कर्नलसाहेबांच्या वस्तऱ्याकडे पाहिलं. तो त्याच जाडीचा होता. एकाच दुकानातून, एकाच दिवशी त्याने दोन्ही आणले होते.

घरी जाताना तो लांबच्या वाटेने गेला. बाजाराजवळ गिधाडं छपरावर आणि रस्त्यावर ऐसपैस फिरत होती, कोणाच्या पायात आली तरी हलत नव्हती. पुढे मोठ्या आगीत जळालेला भाग लागला, नुसती धुराडी आणि खिडक्यांच्या चौकटी उभ्या, त्यातून आरपार आभाळ दिसायचं. तो शब्द कोणाच्या आवाजात आला, हे त्याला शोधायचं होतं. स्वतःचा आवाज तो नव्हता. 'रे' जरासा लांबवलेला, शेवटी थोडी जांभई असल्यासारखा. काय रे, टायटस. दुकानाची पायरी चढताना कर्नलसाहेब रोज असंच म्हणायचे, न रागावता, प्रेमानेसुद्धा म्हणा. वीस वर्षं तो ते झेलत आला होता आणि आपण ते खाली टाकून देतो अशी त्याची समजूत होती. ते खाली पडलं नव्हतं. आत कुठेतरी नीट घडी करून ठेवलेलं होतं, आणि वेळ येताच त्याने ते काढून दिलं होतं, तेही कोणाला, तर डॅडी मिंगोंना.

कारण पहिल्यांदा 'काय रे' त्याला मिंगोंनीच म्हटलं होतं. त्या वेळी त्याचे दुधाचे दात पडत होते. बेटावरच्या मळ्यातून मालकाने त्याला शहरात न्हावीकाम शिकायला पाठवला होता. आई किनाऱ्यावर उभी होती, तिने हात हलवला नव्हता, नुसतं एप्रनचं टोक तोंडाशी धरलं होतं, आणि बोट निघाली तसा तो ओक्साबोक्शी रडायला लागला होता. बोट वल्हवणारे सहाजण. मागच्या वल्ह्यावर मिंगो, दंड केवढाले, पाठ ताठ. गाणं मिंगोच सांगायचे आणि बाकीचे त्या ठेक्यावर ओढायचे. त्यांनी गाणं थांबवलं नाही. दोन ओळींच्या मध्ये तेवढं म्हणाले, "काय रे, रडतोस? रड. पण बाहेर वाकून रड. बोटीत पाणी साचलं तर उपसायचं कोणी?" सगळे हसले. तोही रडता रडता हसला आणि खरंच बोटीच्या काठावरून वाकून रडला, शहर येईपर्यंत. पुढे कित्येक वर्षांनी त्याच माणसाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. तोच 'काय रे'. अक्षरं तीच. एकात त्याला कोणीतरी उचलून बोटीत घेतलं होतं आणि दुसऱ्यात त्याने एका म्हाताऱ्याला बोटीतून ढकललं होतं. त्याला वाटलं, आपल्याला एवढं कळतं तर मग ते तोंडातून जाताना का कळलं नाही.

घरी बायना तीळ भाजत होती. मंगळवारी राज्याची नवी घटना लिहायला सभा बसायची होती, त्या सभेवर तिचा बाप निवडून आला होता, आणि त्या दिवशी आल्यागेल्याला द्यायला तीळ आणि काकवीच्या वड्या हव्यात असं तिने ठरवून टाकलं होतं. घरभर खमंग वास होता. टायटसला बायकोचा चेहरा शेगडीच्या उजेडात नेहमी आवडायचा. तिच्या चेहऱ्यावर बापाची हनुवटी होती. गेल्या वसंतात घोड्याच्या ट्राममध्ये काळ्यांना बसू देत नव्हते तेव्हा ही बाई टोपली मांडीवर घेऊन आत जाऊन बसली होती, उतर म्हटलं तरी उतरली नाही, ट्राम थांबली तरी उतरली नाही. शेवटी कंपनीच नमली. दुकानात त्या दिवशी सगळी गिऱ्हाइकं त्यावर हसली होती आणि टायटसही हसला होता. घरी आल्यावर मात्र त्याने तिच्याकडून ती हकीकत तीनदा सांगून घेतली होती, आणि चौथ्यांदा सांग म्हटल्यावर तिने त्याला लाटण्याने ढोसलं होतं. त्याला तिचा इतका अभिमान वाटला होता की झोप लागली नव्हती. दोन्ही खरं होतं. दुकानातलं हसणंही आणि हेही.

"डॅडी आले होते का रे तुझ्याकडे?" बायनाने विचारलं. तिचा 'रे' तिसराच, त्यात थोडं मीठ असायचं.

"आले होते."

"माझं डोकं खाल्लंय त्यांनी चार दिवस. ती सभा साहेब लोकांच्या क्लबात आहे ना, तिथे म्हणे हातांच्या खुर्च्या आहेत, गादीच्या. कोणीतरी झाडूवाल्याने सांगितलं त्यांना. तेव्हापासून एकच. बायना, हात कुठे ठेवायचे? मांडीवर ठेवले तर भीक मागायला बसल्यासारखा दिसेन. खुर्चीच्या हातांवर ठेवले तर माझ्या बापाचं घर असल्यासारखा दिसेन. मी म्हटलं, आता आहेच तुमच्या बापाचं. तर म्हणाले, चेष्टा नको पोरी, जन्मभर वल्ह्याच्या फळीवर बसलो, तिथे हातांना काम असतं. टायटसच्या खुर्चीत एकदा बसून बघतो. आपल्या सगळ्यांत मिळून हातांची खुर्ची ती एकच." ती हसत होती. "मग? बसले का? कुठे ठेवले हात?"

"गिऱ्हाईक होतं."

"कोण?"

"कर्नल."

उलथणं थांबलं. तीळ तडतडत राहिले. "मग काय म्हणालास?"

"नंतर या म्हटलं."

वाटेत येताना 'मागच्या दाराने ये'चं 'नंतर या' कधी झालं हे त्याला कळलंच नव्हतं. वाक्य तयार होतं, तोंडात आलं. बायनाने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "करपतात आता हे," ती म्हणाली आणि कढई उतरवली. मग तिने भात वाढला, कालवांचा रस्सा वाढला, कोणाची मुलगी कोणाकडे शिवण शिकायला जाते ते सांगितलं. टायटस जेवला, पण कालवं नेमकी कशी झाली होती हे त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात कुठे ठेवायचे, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. त्याला वाटलं होतं म्हातारा हट्टाने आला, रीत मोडायला, त्याला पेचात धरायला. तसं असतं तर किती बरं झालं असतं. म्हातारा नुसता बसायला शिकायला आला होता.

रविवारी सकाळी अंगणात नेहमीची माणसं जमली. गोदीवरचा एक, सुतार दोघे, चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा. पीप मांडलं, पाणी तापलं. मिंगो आले, फाटकाशी टेकून उभे राहिले, सगळ्यांशी बोलले, घंटेवाल्याची थट्टा केली. त्यांची पाळी आली तेव्हा टायटसने फडकं झटकलं. "या, डॅडी." मिंगोंनी गालावरून हात फिरवला. आठवड्याभराचे पांढरे खुंट काळ्या गालावर उगवले होते. "आज राहू द्या," ते म्हणाले. "थंडी आहे. तुम्ही कशाला त्रास घेता." कोणाला काही वाटलं नाही. सुताराने तर पाळी पुढे आली म्हणून झटकन पिपावर बसून घेतलं. टायटसने मात्र ते 'द्या' झेललं, ते 'तुम्ही' झेललं. इतक्या वर्षांत म्हाताऱ्याने त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. आवाजात राग असता तर त्याने पाय धरले असते. पण राग नव्हता. बोटीतल्या मालकाशी बोलावं तितकं सौम्य, सभ्य, आणि अंतरावरून.

चर्चमध्ये पाद्रीबुवांनी 'मिंगो सिमन्स' असं पूर्ण नाव घेऊन मिंगोंना उभं राहायला सांगितलं. मंगळवारी आपला हा माणूस राज्याचा कायदा लिहायला बसणार, असं ते म्हणाले, तेव्हा बायका रडल्या, पुरुषांनी पाय आपटले. एवढ्या डोळ्यांपुढे मिंगो उभे, नवा कोट, आणि गालावर ते पांढरं रान. पुढच्या बाकावरची एक बाई मोठ्याने म्हणाली, "काय हे डॅडी मिंगो, घरात जावई न्हावी आणि दाढी अशी?" सगळं चर्च हसलं. टायटसला वाटलं, आता सांगतील. आता सांगतील आणि ते बरंच होईल. मिंगो म्हणाले, "जावई मागेच लागला होता. मीच म्हटलं, सभेला थोडं पिकलेलं दिसू दे. शहाणा वाटेन." पुन्हा हशा. त्या हशात टायटसचाही आवाज होता, सवयीने. बायना हसली नाही. ती बापाकडे पाहत नव्हती, नवऱ्याकडे पाहत होती.

"काय म्हणालास तू त्यांना?" परत येताना तिने विचारलं. "खरं सांग."

त्याने सांगितलं. दोन्ही वाक्यं, जशी गेली तशी, तो लांबवलेला 'रे'सुद्धा तिला म्हणून दाखवला. आपण ते किती हुबेहूब म्हणतो हे पाहून त्याला पुन्हा शरम वाटली. बायना चालत राहिली.

"मग ते काय म्हणाले?"

"बरं, साहेब, म्हणाले."

ती थांबली. रस्त्याच्या मधोमध, लोक दोन्ही बाजूंनी जात होते. तो शिव्या खायच्या तयारीत होता. बायना शिव्या छान द्यायची. "टायटस," ती अगदी हळू म्हणाली, "ते जन्मात ज्यांना साहेब म्हणाले ना, त्यांतल्या एकालाही त्यांनी माफ केलेलं नाही. आणि त्यांतल्या एकालाही ते कळलेलं नाही."

"मी काय करू? त्यांना त्या खुर्चीत बसवलं तर कर्नल जाईल. कर्नल गेला की बाकीचे जातील. आठवड्यात दुकान बसेल, बायना. मला दुसरं काय येतं?"

"ठाऊक आहे मला. माझ्याही पोटावर येईल." तिने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, जणू तेवढ्यासाठीच थांबली होती. "मी तुला बसव म्हणणार नाही. बसवू नको असंही म्हणणार नाही. खुर्ची तुझी आहे."

सोमवारी कर्नलसाहेब आले, नेहमीच्या वेळेला, सेंट मायकेल चर्चच्या घंटा वाजत असताना. "काय रे, टायटस," म्हणाले. टायटसने फेस केला. फळीवर गिऱ्हाइकांचे साबणाचे पेले ओळीने मांडलेले असायचे, ज्याचा त्याचा वेगळा. कर्नलसाहेबांचा निळ्या कडेचा. "उद्यापासून तुमची सर्कस सुरू म्हणे," साहेब म्हणाले, "आणि तीही आमच्या क्लबात. मी खिडकीजवळ बसायचो बघ, तिथे आता कोण बसेल देव जाणे." आवाजात कडवटपणा नव्हता, थकवा होता. लढाईत त्यांचा एक मुलगा गेला होता. बातमी आली त्या दिवशी टायटसनेच त्यांची दाढी केली होती, साहेबांचे डोळे सारखे वाहत होते, फेस पुसला जात होता आणि तो पुन्हा पुन्हा लावत होता. त्याला या माणसाच्या जबड्याखालचा तीळ माहीत होता, कुठे वस्तरा आडवा धरायचा ते माहीत होतं. या माणसाचा त्याला द्वेष करता येत नव्हता, आणि करता आला असता तर सगळं किती सोपं झालं असतं. "हो, साहेब," तो म्हणाला.

साहेब गेल्यावर दुकानात कोणी नव्हतं. टायटसने खुर्ची पुसली. मग उगाच पुन्हा पुसली. आणि मग, का ते त्याला सांगता आलं नसतं, तो तिच्यात बसला. ज्या खुर्चीपाठी तो अर्धं आयुष्य उभा होता तिच्यात तो कधी बसलाच नव्हता. समोरच्या आरशात एक काळा माणूस पांढरा डगला घालून बसलेला दिसला, परक्याच्या घरी बसावं तसा कडेवर. हात मांडीवर होते. त्याने ते उचलून खुर्चीच्या हातांवर ठेवले. ते तिथे दुसऱ्याचे वाटले. परत मांडीवर घेतले. एकावर एक ठेवले. शेवटी एका हातात फडकं घेतलं तेव्हा कुठे बरं वाटलं. रस्त्यावर पावलं वाजली तसा तो चोरी पकडल्यासारखा ताडकन उठला. पावलं पुढे निघून गेली. तो खुर्चीला धरून उभा राहिला आणि त्याला एकाएकी सासऱ्याची फार माया आली.

मंगळवारी त्याने जे ठरवलं ते त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. दुकान उघडायच्या आधी, कर्नलसाहेबांच्या वेळेच्या पुष्कळ आधी, खिडक्यांच्या झडपा लावून म्हाताऱ्याला खुर्चीत बसवायचं. दाढी होईल, बसणं होईल, कोणाचं काही जाणार नाही. सभेसाठी मत द्यायला गेला होता तेव्हाही तो असाच गेला होता, रस्त्यावर कोणी नसताना. मत मात्र मिंगोंनाच दिलं होतं. तो सासऱ्याच्या दारात उभा राहिला तेव्हा ते बादलीत तोंड धूत होते. "चला, डॅडी. दुकानात."

"मागच्या दाराने का?"

"पुढच्या."

मिंगोंनी ओल्या चेहऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, कोट घातला आणि निघाले. दुकानात झडपा बंद, आत दिवा. "उजाडलंय की," ते म्हणाले, दिव्याकडे पाहत. टायटस म्हणाला, वारा येतो. मिंगो खुर्चीपाशी गेले, तिच्याभोवती एक चक्कर मारली, मग वळून, पाठ ताठ ठेवून, पाणी खोल आहे की उथळ ते पाहावं तसे सावकाश बसले. गादी खाली गेली तशा त्यांच्या भुवया वर गेल्या. हात वर अधांतरीच राहिले. टायटसने घाईने मोठं फडकं गळ्याभोवती बांधून अंगावर पसरलं. हात फडक्याखाली गेले. "आता कुठेही ठेवा, डॅडी. दिसत नाहीत."

"तिथे असं फडकं देतात का?" मिंगोंनी विचारलं.

टायटस हसला, आणि हे हसणं शिकवलेलं नव्हतं. त्याने पाणी घेतलं, फेस केला, त्या पांढऱ्या खुंटांवर गरम फेस चढवला. वस्तरा कोणता, यावर त्याचा हात क्षणभर थांबला आणि त्याने दुकानातला उचलला. उजवा गाल झाला. खाली काळी, तुकतुकीत कातडी निघाली, अनेक वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने चामड्यासारखी झालेली. तेवढ्यात दाराची मूठ खटखटली. मग काठीचा आवाज. "टायटस! आहेस ना रे आत? आज लवकर जायचंय मला."

टायटसचा हात हवेत राहिला. मिंगोंनी डोळे उघडले. आरशात दोघांची नजरानजर झाली. मग म्हातारा फडक्याखालून हात काढून, खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठायला लागला. "उघडा तुम्ही," ते कुजबुजले. "मी मागे अंगणात जाऊन उभा राहतो. माझं काय, अर्धी तर अर्धी." एका गालावर फेस तसाच, गळ्यात फडकं. आणि टायटसला ते दिसलं, पुढचं सगळं आधीच दिसलं. थंडीत, दुकानाच्या मागच्या भिंतीशी, फेस वाळत चाललेला हा माणूस उभा आहे, आणि काही तासांनी त्याला राज्याचा कायदा लिहायचाय, आणि तो तिथे उभा आहे तो रागाने नाही, धाकाने नाही, जावयाचं दुकान बुडू नये म्हणून. शनिवारचा शब्द निदान न कळत गेला होता. आज जे होईल ते कळून होणार होतं.

"बसा, डॅडी," तो म्हणाला. खांद्यावर हात ठेवून त्याने त्यांना खाली बसवलं. त्याने आधी दार उघडलं नाही. आधी खिडकीची एक झडप उघडली, मग दुसरी. उजेड भसकन आत आला, आरशावर, पेल्यांवर, खुर्चीवर. दिवा बिचारा फिका पडला, तो त्याने फुंकला. मग दार उघडलं.

"सुप्रभात, साहेब. मिस्टर सिमन्स यांची दाढी चालली आहे. त्यांना सभेला जायचंय. थांबणार असाल तर तिथे बाक आहे."

कर्नलसाहेबांनी खुर्चीकडे पाहिलं. ते ओरडले नाहीत. आपला कोट दुसऱ्या कोणाच्या अंगावर दिसावा तसं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. "टायटस," ते म्हणाले, "तू काय करतोयस ते कळतंय ना तुला?"

"हो, साहेब. दाढी."

साहेब थोडा वेळ उंबऱ्यात उभे राहिले. त्यांची दाढी कालपासून वाढलेली होती, जबड्याखालचा तीळ त्यात पुसट झाला होता, आणि टायटसच्या बोटांना सवयीने तिकडे जावंसं वाटलं. "माझा पेला घरी पाठवून दे," ते म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. गल्लीत दोघेचौघे थांबून उघड्या खिडकीतून आत बघत होते. त्यांतले काही गोरे होते, काही काळे. टायटसने दार लावून घेतलं, झडपा तशाच राहू दिल्या. वीस वर्षांच्या सकाळी निघून गेल्या होत्या आणि त्याला त्यांचं वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. उद्यापासून काय खायचं हेही डोक्यात आलं. तो वळला. वस्तरा उचलला तर हाताला गालाचा अंदाज येईना. असा हात कोणाच्या गळ्याजवळ न्यायचा नसतो. त्याने तो खाली केला, पुन्हा वर केला, आणि समोरचा पांढरा फेस त्याला पुसट दिसायला लागला.

मिंगोंनी डोळे मिटले होते. त्यांचे हात आता फडक्याच्या बाहेर होते, खुर्चीच्या दोन्ही हातांवर, बोटं पुढून वळलेली, वल्हं धरतात तशी. उजव्या हाताची बोटं लाकडावर ठेका धरत होती, जुना, बोटीतला. बाहेरच्या माणसांनी बघितलं तर बघू दे, असे ते सैल बसले होते.

"काय रे, रडतोस?" डोळे न उघडता ते म्हणाले. "रड. पण बाजूला वाकून रड. फेस पातळ होतोय."